आंबोशीची खूण

हफ्सा एकटीच सह्याद्रीच्या माथ्यामाथ्यानं लांबच्या वाटेला लागली होती. इतक्या दिवसांचं खाणं पाठीवर नेता येईना, म्हणून तिच्या दादीनं, सायरानं, रोह्याहून वाटेतल्या ओळखीच्या घरी आधीच डबे पाठवून ठेवले होते. गल्फातल्या नवऱ्याला सायरा जन्मभर परक्या माणसांच्या हातून जिन्नस धाडत आली होती. डब्यात काय आहे ते जो सांगेल त्यालाच तो द्यायचा, ही तिची तेव्हापासूनची रीत. या डब्यांची खूण होती आंबोशी, म्हणजे वाळवलेल्या कैरीच्या फोडी; डबे ठेवणाऱ्यांखेरीज ती फक्त हफ्सालाच ठाऊक होती.

"दादी, आत सोन्याचं बिस्कीट दडवलंस काय गो?" निघताना हफ्सा हसली होती.

आता तिचा फोन लागत नव्हता. न राहवून सायरानं घाटमाथ्यावरच्या ठमाबाईला फोन केला.

"डबा गेला गो, सकाळीच."

सायराच्या जिवात जीव आला. "वाळलीय का गो पोर? चार घास खाऊन गेली ना?"

"ती कुठं आली? माणूस आलता. तिनंच धाडलंय म्हणाला. मी खूण विचारली, तर आंबोशी म्हणाला. मग दिला."



"तिच्याबरोबर कुणी नाय, ठमाबाई. ती एकटी हाय."

 ठमाबाई हळूच म्हणाली, "पुढचा डबा कुणाकडं ठेवलाय, तेपण विचारत होता. मी घर सांगून बसले गो."