दुखण्याचे गुण

स्वादुपिंडाला सूज आलेल्या उंदरांवर ती नवं औषध तपासायची. उंदीर काही ‘पोट दुखतंय’ म्हणत नाही, म्हणून त्याचा चेहरा बघून गुण द्यायचे. डोळे मिटत आले आणि कान मागे गेले, की दोनपैकी दोन. चेहरा मोकळा असला, की शून्य.

औषधाचा निकाल कळणार होता त्या दिवशी, नेमकं शाळेच्या वेळेला लेकीचं पोट दुखायला लागलं. आईनं तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

“डोळे टपोरे, कान जागच्या जागी. शून्य. बूट घाल.”

“मलाही कधी शून्याच्या वर मिळाले नाहीत गं, राणी,” बाबा डबा भरता भरता म्हणाला. “या घरात उंदरांचेच लाड.”

संध्याकाळी आई परतली, तेव्हा दोन वर्षांची मेहनत पाण्यात गेली होती. औषध दिलेले काय नि न दिलेले काय, सगळ्या उंदरांना पैकीच्या पैकी.

“कसा गेला गं दिवस?” लेकीनं विचारलं.

“मस्त,” ती हसून म्हणाली आणि पायातले बूटही न काढता तशीच स्वयंपाकघराकडे निघाली.

लेकीनं तिला हाताला धरून खाली बसवलं, कानांवरचे केस बाजूला सारले आणि चेहरा दिव्याकडे वळवून नीट निरखला.



“दोन. बूट काढ.”