दोन खोडरबर

"आता मी दांडगट मुलगी," दुसरीच्या बाई म्हणाल्या, "आणि मला तुझा खोडरबर हवाय. तू काय करायचं? मान वर, हात पुढे, आणि खणखणीत म्हणायचं, नाही. थांब."

सकाळपासून वर्गात हेच चाललं होतं. वीसेक पोरांनी बाईंना ठणकावून झालं होतं. बाईंची लेकही याच वर्गात, तिसऱ्या बाकावर; तिचा आवाज तर पार व्हरांड्यापर्यंत गेला, आणि बाईंना मनातून बरं वाटलं. घरी आई, शाळेत बाई, हा नियमही पोरीनं वर्षभर चोख पाळला होता.

आता पाळी पिटुकलीची. सगळ्यांत लहान चणीची, म्हणून पिटुकली. तिनं हात पुढे केला खरा, पण त्यात झिजून चण्याएवढा उरलेला खोडरबर होता.

"अगं, द्यायचा नाहीये."

"हा द्यायचाच असतो," तिनं बाईंना समजावून सांगितलं. "दुसरा, चांगला, मोज्यात ठेवते मी."

"कोण घेतं गं?" पिटुकलीनं मूठ मिटली. एरवी शाळा डोक्यावर घेणारी पोरं वह्यांत डोकी खुपसून बसली.

नाव घ्यायला जीभ रेटत नसेल तर निदान करून दाखवेल, म्हणून बाई फरशीवर गुडघे टेकून बसल्या. "बरं, मी पिटुकली. तू दांडगट. घे माझ्याकडून."

पिटुकली जवळ आली. तिनं बाईंच्या दंडाला बारीक चिमटा काढला, पिळला आणि अगदी लाडिक आवाजात म्हणाली, "जा, सांग बाईंना. बघू कुणाचं ऐकतात."

बाईंनी तो आवाज ओळखला. रोज झोपताना आणखी एका गोष्टीसाठी हट्ट व्हायचा, तो याच आवाजात. सगळ्या माना तिसऱ्या बाकाकडे वळल्या होत्या.

"आई," लेक उभी राहून म्हणाली. "मी गंमत करत होते."

घंटा झाली तर बरं, असं बाईंना वाटलं. उठावं, लेकीला जवळ घेऊन बाहेर न्यावं, असंही फार वाटलं. पिटुकली त्यांच्याकडेच बघत होती.

बाई उठल्या नाहीत. तशाच गुडघ्यांवर सरकत पिटुकलीच्या शेजारी आल्या आणि तिसऱ्या बाकाकडे तोंड करून बसल्या.

"बाई म्हण," त्या लेकीला म्हणाल्या. मग पिटुकलीला, "हं. आता तिला सांग."

पिटुकलीनं झिजका खोडरबर आधी बाईंच्या मुठीत दिला, आणि मग मान वर करून रिकामा हात पुढे केला.