नडगीचं दुखणं

“बघ, हितंच दुखतंय,” पंचशीलानं नडगीवर बोट ठेवलं. “तुझं असंच झालतं ना? म्हणून तुलाच विचारते. पळू का थांबू?”

केजच्या कॉलेजच्या मैदानावर बाकीच्या मुली अजून बूट बांधत होत्या. धनश्री तिच्यापुढं बसली आणि तिनं त्या जागेवर अंगठा दाबला. पंचशीला कळवळली. पोटरी दुखत नव्हती, गुडघा दुखत नव्हता. रुपयाएवढ्या जागेत, नेमकं हाडावर दुखत होतं.

हे दुखणं धनश्रीच्या ओळखीचं होतं. गेल्या पावसाळ्यात तिनं ते सगळ्यांपासून लपवलं, पळत राहिली, आणि धारूरच्या घाटात सराव करताना हाड मोडून बसली. मग प्लास्टर, कुबड्या, बुडालेली परीक्षा. न्हाणीपर्यंत जायलाही आईचा खांदा लागायचा. त्या दिवसांनी तिला एक गोष्ट शिकवली होती. मांस दुखलं तर पळता येतं, हाड दुखलं तर थांबायचं. वेळेवर थांबलं तर बारीक चीर आपोआप जुळते.

पण ती अंथरुणात असतानाच कॉलेजच्या संघातली तिची जागा पंचशीलाला मिळाली. आता धनश्रीचा पाय बरा झाला होता. ती पूर्वीसारखी पळतही होती. फक्त खेळाच्या सरांनी तिला राखीव ठेवलं होतं.

पंचशीला आज थांबली, तर विद्यापीठाच्या शर्यतीपर्यंत बरी होईल. नाही थांबली तर? याच्या पुढं धनश्रीनं विचार केला नाही.

“काही न्हाई गं,” ती म्हणाली. “सगळ्यांचंच दुखतं. बर्फ लाव आन् पळ.”

पंचशीलानं बुटाची नाडी आवळली. मग “बरं” म्हणाली आणि उठली.

त्यानंतर धनश्री रोज तिच्या मागं पळायची. पंचशीलाचा डावा पाय जमिनीला जेमतेम टेकतोय, हे तिला मागून स्पष्ट दिसायचं. आज सांगू, असं ती घरून ठरवून निघायची आणि मैदानावर आली की गप्प व्हायची. एकदा सरांनीच विचारलं, “पंचशीला लंगडतीय का गं?”

“न्हाई, सर.”

उत्तर इतकं चटकन आलं, की तिची तिलाच भीती वाटली.

शर्यत जवळ आली असताना एका सकाळी पंचशीला वळणावर किंचाळली आणि धुळीत कोसळली. पाय नडगीतून मोडला होता. तिला जीपमध्ये घातल्यावर सर धनश्रीकडं वळले. “तयारी ठेव. आता तूच.” हेच ऐकायला तिचे कान आसुसले होते. आता तिला वर बघवेना.

ती अंबाजोगाईला दवाखान्यात गेली. पंचशीलाच्या आईनं, भामाबाईंनी, स्वतः उठून तिला स्टूल दिलं. “बस, बाई. तुझं लई नाव घेती ही,” असं म्हणून त्या चहा आणायला गेल्या. धनश्रीला बसवेना. ती उभ्यानंच बोलली.

“पंचशीला, मला त्याच दिवशी कळलं होतं. हाडाचंच हाय म्हणून. तरी मी तुला पळ म्हणले.”

ही आता ओरडेल, तोंडावर थुंकेल, असं तिला वाटलं. पंचशीलानं फक्त प्लास्टरवरून हात फिरवला.

“मलाबी ठाऊक होतं,” ती म्हणाली. “तुला विचारलं त्याच्या आदल्या दिवशीच डॉक्टरला दाखवलं होतं. महिनाभर पळू नको म्हणले.”

“मग पळलीस कावून? आन् मला कावून विचारलंस?”

“जिल्ह्यात पहिली आले तवा आमच्या चौसाळ्याच्या चौकात माझं बॅनर लागलं. अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून ‘ही माझी लेक’ म्हणून दाखवायचे. त्यांच्यापुढं थांबते म्हणायला तोंडच उघडंना. पण तुझ्या पायाचं काय झालं, ते समद्यांनी बघितलंय. धनश्रीच थांब म्हणली, असं सांगितलं असतं तर अण्णांनी ऐकलं असतं.”

धनश्री स्टुलावर टेकली.

“तू पळ म्हणलीस. मला वाटलं, हिनं सोसलंय, हिला डॉक्टरपेक्षा जास्त कळत असंल.” पंचशीलानं डोळे पुसले. “तू थांब म्हणली असतीस, तर मी तशीच सरांकडं जाणार होते. माझ्या जागी तुझं नाव सांगायला.”