जिथून उडाला तिथं

ॲप अडकलं आणि मोबाईलवरचं खाडीचं चित्र थिजलं. मुकुंदरावांनी रिमोटच्या दोन्ही दांड्या ओढून पाहिल्या. काही उपयोग झाला नाही.

“अहो, सिग्नल तुटला की ड्रोन जिथून उडाला तिथं आपोआप परत येतो म्हणता ना?” होडीत समोर बसलेली बायको म्हणाली.

“तो येईल गं,” मुकुंदराव चाचरले, “पण आपण कुठं आहोत तिथं?” उडवला होता खारफुटीपाशी, त्याच्या नादात होडी ओहोटीबरोबर बरीच खाली वाहत आली होती. उडवला त्या जागी आता नुसतं पाणी होतं.

अडुसष्टाव्या वर्षी त्यांनी प्रवाहाविरुद्ध जिवाच्या आकांतानं वल्ही मारली. पाण्याला टेकू पाहणारा ड्रोन दोन्ही हातांनी झेलला, तेव्हा पात्यानं बोट कापलं.

बायकोनं बोटाला पदर गुंडाळला. “पाच वर्षांपूर्वी स्वतःच्या मर्जीनं लग्न करून पोर दारात परत आली, तेव्हा तुम्ही खोलीतून बाहेरही आला नाहीत,” ती हळूच म्हणाली.

मुकुंदरावांनी ड्रोन अलगद मांडीवर ठेवला.

“फोन लाव तिला,” ते म्हणाले. “ये म्हणू नकोस. आम्हीच येतोय म्हणून सांग.”