मनगटावरचा पट्टा

नर्सने शशिकांतच्या मनगटावर रक्त घेणाऱ्या यंत्राचा पट्टा आवळला. आत टेबलावर त्याची बहीण कुमुद होती आणि बाळंतपणानंतरचा तिचा रक्तस्राव काही केल्या थांबत नव्हता. तिचा दुर्मीळ बॉम्बे रक्तगट अख्ख्या तालुक्यात एकट्या शशिकांतशी जुळत होता. पुण्याहून रक्ताची पिशवी यायला चार तास लागणार होते, आणि डॉक्टरांनी एकच तास दिला होता.

“खरं तेच सांगा,” नर्स म्हणाली. “पट्ट्याला खोटं कळतं. गांजा ओढता?”

मंगळवारीच गिरणीमागे मित्रांबरोबर ओढत बसला होता शशिकांत. पण खांद्यावर अप्पांचा हात होता. गळ्यात तुळशीची माळ घालणाऱ्या त्या बापासमोर त्याने आजवर साधी सुपारीही चघळली नव्हती.

“छे, कधीच नाही.”

पट्टा लाल झाला. यंत्रातून अर्धवट बाहेर आलेली सुई पुन्हा आत गेली.

“अहो, काय केलंत हे!” नर्स किंचाळली. “गांजा चालला असता! आत्ता शुद्धीत आहात, एवढंच बघायचं होतं. पण खोटं सापडलं की चोवीस तास हे यंत्र त्या माणसाचं रक्त घेत नाही. माझ्याही हातात नाही ते!”

शशिकांतने मान वर केली नाही. खांद्यावरचा हात हळूच निघाला.

“अरे पोरा,” अप्पा कसेबसे म्हणाले, “आई गेल्यापासून तुझे त्या वासाचे शर्ट कोण धुतंय?”