तिसरी फेरी

चाचणीच्या तिसऱ्या फेरीत पडद्यावर चूक दाखवणारी लाल ओळ उमटली. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा निकेत खुर्चीत सरळ बसला. लॅबच्या कॉम्प्युटरमध्ये मेमरीची नवीकोरी पट्टी त्याने सकाळीच स्वतःच्या हाताने बसवली होती. रविवार होता, मीरा रोडची ही पॅथॉलॉजी लॅब बंद होती, म्हणून चाचणी पूर्ण चालू द्यायला आज वेळ होता. एरवी तो एकच फेरी चालवायचा. या धंद्यात बहुतेक सगळे तसंच करतात. गिऱ्हाईक डोक्यावर उभं असतं आणि पूर्ण चाचणीत दिवस जातो.

त्याने पट्टी काढून दुसरी नवी लावली. दोन फेऱ्या सुरळीत गेल्या, तिसरीत पुन्हा लाल ओळ. मग तीच पट्टी त्याने शेजारच्या खाचेत, दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवली. चार फेऱ्या झाल्या, एकही चूक नाही. म्हणजे पट्ट्या चांगल्या होत्या, स्लॉटच खराब होता. मशीन तापलं की तिथला एखादा आकडा बदलत होता. आणि पट्ट्या नव्या असल्या तरी स्लॉट जुनाच होता.

आठ महिन्यांपूर्वी याच खुर्चीत बसून त्याने हेच मशीन तपासलं होतं.

तेव्हा इथे संचिता रिपोर्ट टाईप करायची. इंदुबाई नावाच्या एका म्हातारीच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये दोनच्या जागी सहा छापून आलं. रक्त फारच पातळ झालंय असं समजून डॉक्टरांनी तिच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या थांबवल्या, रक्ताची गुठळी झाली आणि आठवड्याभरात तिला लकवा मारला. संचिता रडून सांगत होती, मी दोनच टाईप केलं होतं. लॅबच्या मालकीण उर्मिला मॅडमनी निकेतला बोलावलं. त्याने एक फेरी चालवली. "मशीन एकदम ओके आहे मॅडम. टाईप करणाऱ्याचीच मिस्टेक असणार," असं सांगितलं, चहा प्यायला आणि निघून गेला. संचिताने माफीनामा लिहून दिला आणि तिची नोकरी गेली. खोटं बोलायची सवय निकेतला नव्हती, घाई करायची होती. पण घाईनेसुद्धा एका बाईचं नाव मातीत जातं, हे त्याला आज कळत होतं.

त्याने मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"झालं ते झालं, निकेत. तो स्लॉट वापरायचा नाही, एवढंच कर. आता उगाच कोणाला सांगत बसू नकोस."

"मॅडम, मी संचिताला सांगायला चाललोय," निकेत म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. बिलबुकातलं एक पान उलटं करून त्यावर त्याने चार ओळी लिहिल्या. मशीन तेव्हापासूनच खराब असणार, मी ते नीट तपासलं नाही. खाली सही केली, तारीख घातली आणि मोटारसायकल काढली.

पेणकरपाड्यात संचिताच्या घराचं दार तिच्या नवऱ्याने, रोहितने उघडलं.

"ती घरी नाहीये. इंदुबाईंकडे गेलीय."

"कोणाकडे?"

"ज्यांना लकवा मारला ना, त्यांच्याकडे. सकाळ-संध्याकाळ तिकडेच असते. आंघोळ, जेवण, मालिश, सगळं तीच करतेय. मी सांगून थकलो, बस झालं आता. तर बोलते, माझ्या हातून झालंय, मलाच करायला पाहिजे."

निकेतने फक्त इंदुबाईचा पत्ता विचारला.

इंदुबाईचं बैठं घर दोन इमारतींच्या मध्ये दबून राहिलं होतं. एकेकाळी आजूबाजूची भातशेती तिच्याच सासऱ्याची होती. आता मुलगा बाळा घोडबंदरकडच्या टॉवरमध्ये राहायला गेला होता आणि सणासुदीला येऊन जायचा. आत संचिता इंदुबाईला उशीला टेकवून बसवून पेज भरवत होती. ओघळलेली पेज पदराने पुसत होती. निकेत उंबऱ्यातच उभा राहिला. बसायचा धीर त्याला झाला नाही. त्याने एका दमात सगळं सांगून टाकलं आणि कागद पुढे केला.

"माझी चूक झाली, ताई. मशीनच खराब होतं. मी बघितलंच नाही."

संचिताने कागद दोनदा वाचला.

"म्हणजे मी दोनच टाईप केलं होतं?"

"दोनच."

तिने वाटी खाली ठेवली. आठ महिने ती तो आकडा मनातल्या मनात टाईप करून बघत होती, आणि हळूहळू तिला स्वतःलाच तिथे सहा दिसायला लागलं होतं. ती हुंदके देऊन रडली. मग तिने डोळे पुसले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. निकेतलाही बरं वाटलं. आपण आलो हे चांगलं केलं, असं त्याला वाटलं.

इंदुबाई सगळं ऐकत होती. चूक कोणाची, मशीनची की माणसाची, हे तिने विचारलं नाही. निकेतकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. चालणाऱ्या एकाच हाताने तिने संचिताचा पदर घट्ट धरला. तिचं तोंड वाकडं झालं होतं, शब्द एकेक करून बाहेर येत होते.

"मंग आता उद्यापासना तू येशील का न्हाय गो?"