निर्व्यसनी स्थळ

मुलाकडच्यांपुढे पोह्यांच्या बशा सरकवत शेठ म्हणाले, "सगळी चौकशी केली बरं का! मुलगा सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही."

स्वतः शेठही टाकत नसत. टपरीत बसून मटक्याच्या चिठ्ठ्या लिहिता लिहिता त्यांनी एवढंच ओळखलं होतं, की पिणारा आणि खेळणारा बुडतो. पाजणारा आणि खेळवणारा तरतो. त्या अकलेवर बार निघाले, पत्त्यांचे क्लब निघाले, हा संगमरवरी बंगला उभा राहिला. आता लेकीसाठी धुतल्या तांदळासारखा जावई हवा होता.

"विहीणबाई, आजच्या काळात असं पोर वाढवलंत तरी कसं?"

मुलाच्या आईनं बशीला हातही लावला नव्हता. "मी कुठं वाढवलं? ह्याचे वडील तुमच्याच बारमध्ये पडलेले असायचे. शाळा सुटली, की त्यांना उचलून आणायला हाच जायचा. तिथंच शिकला."

शेठनी चमचा बशीत ठेवला. "मग आलात कशाला?"

"नकार फोनवरही देता आला असता." गुळगुळीत फरशीवरून नजर फिरवत ती उठली. "पण आमचं घर गेलं कुठं, ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं."